कोपऱ्यातला जुना युनिक्स सर्व्हर: फटी कुठे असतात आणि कशा बुजवायच्या

वागळे इस्टेट, महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातल्या जुन्या गाळ्यांमध्ये हिशेबखात्याच्या टेबलाखाली कधी कधी एक पेटी सापडते. स्टॉक, पगार किंवा बिलिंगचा प्रोग्रॅम तिच्यावर चालत असतो. आत युनिक्स घराण्यातली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम असते: एससीओ ओपनसर्व्हर ५.०.७, नाहीतर सोलारिस ८, नाहीतर सेंटओएस (लिनक्स) ५ किंवा ६. प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला त्यांचा पत्ता नसतो, सोर्स कोड नसतो आणि मालकांचं एकच म्हणणं असतं: "चालतंय ना? मग हात लावू नका." नव्याने रुजू झालेल्या सिस्टीम ॲडमिनच्या गळ्यात ही पेटी पडते, आणि हा लेख त्याच्यासाठी आहे.

मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अशा मशीनवर नवी सिस्टीम चढवली तर प्रोग्रॅम बंद पडतो, आणि जुन्या सिस्टीमला पॅच, म्हणजे दुरुस्त्या, येत नाहीत. म्हणजे फट (घुसखोराला वाट देणारी चूक) दुरुस्त करायचा रस्ता बहुतेक ठिकाणी बंदच आहे. आपल्या हातात राहतं ते एवढंच: त्या फटीपर्यंत कोण पोहोचू शकतं हे ठरवणं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेने जातात.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, आणि 'मोठं' असं सांगितलं नसेल तर छोट्या अक्षरांत, कारण युनिक्स छोटं आणि मोठं अक्षर वेगळं मानतं.

रिबूट नाही, आधी बॅकअप

वर्षानुवर्षं न थांबता फिरणारी हार्ड डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही. बोर्डावरची बॅटरी मेली असेल तर मशीन उठतं, पण तारीख भलतीच दाखवतं आणि बिलांवर तीच छापली जाते. म्हणून पहिला नियम: डेटाची प्रत बाहेर पडेपर्यंत पेटी बंद करायची नाही, तिची जागाही हलवायची नाही. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते विचारून घ्या. एमआयडीसीत लाइन गेली की ती मिनिटंच तुमची.

प्रत घेताना दोन अडचणी हमखास येतात. डिस्कवर जागा नसते, आणि बऱ्याच जुन्या सिस्टीमवर २ जीबीपेक्षा मोठी फाइल बनत नाही. यावर एक जुनी पण पक्की युक्ती आहे. शेजारच्या नव्या पीसीवर तात्पुरता एफटीपी (फाइली पाठवायची जुनी पद्धत) सर्व्हर चालू करा आणि जुन्या मशीनवरून त्याला एफटीपीने जोडा. आधी 'बायनरी' कमांड द्या. हे विसरलात तर मजकूर समजून पाठवताना फाइल बिघडू शकते. मग 'पुट' देताना फाइलच्या नावाच्या जागी उभी रेघ आणि तिला चिकटून टारची (अनेक फाइलींची एक फाइल बांधणारी) कमांड, दोन्ही मिळून अवतरणचिन्हांत लिहा. दुसरं नाव पलीकडे बनणाऱ्या फाइलचं. जुने एफटीपी क्लायंट उभ्या रेघेने सुरू होणाऱ्या नावाला कमांड समजतात आणि तिचं आउटपुट थेट पलीकडे पाठवतात. जुन्या डिस्कवर एक बाइटही जास्तीची लागत नाही. काम झालं की पीसीवरचा एफटीपी सर्व्हर बंद करा.

प्रत उघडून बघा. टारला 'टी' पर्याय दिला की आतल्या फाइलींची यादी मिळते, पण दोन-चार फाइली प्रत्यक्ष बाहेर काढून आकडे जुळवल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणू नका. पूर्ण डिस्कची नक्कल डीडी कमांडने घेता येते. वाचताना चुका येत असतील तर 'नोएरर' आणि 'सिंक' हे दोन्ही पर्याय सोबत लागतात. ते काम मात्र मशीन बंद ठेवून, डेटा हातात आल्यावर. गाळ्याला शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी असेल तर गुरुवारी संध्याकाळी सुरू करा.

ही नक्कल आभासी मशीनमध्ये चालेल का, हा मोह सगळ्यांनाच होतो. इंटेलवरची एससीओ कधी कधी उठते, पण तिच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, ज्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर जोडलेला आहे तो कंट्रोलर आभासी मशीनमध्ये नसेल तर बूट अर्ध्यावर अडकतं. स्पार्क प्रोसेसरवरचं सोलारिस साध्या पीसीच्या व्हर्चुअलबॉक्समध्ये चालणार नाही.

नेमकं काय आहे ते वहीत लिहा

'युनेम' कमांड 'ए' पर्यायासह चालवा. एससीओवर मोठं 'एक्स' दिलं तर जास्त तपशील मिळतो, सोलारिसवर ईटीसी डिरेक्टरीतली रिलीज फाइल बघा, सेंटओएसवर रेडहॅट-रिलीज. सोबत आयपी पत्ता, कोणता प्रोग्रॅम, कोणत्या टेबलावरची कोण माणसं वापरतात, प्रिंटर कुठला, हेही लिहा. शेवटच्या तीन गोष्टी पुढे फायरवॉलच्या नियमांत लागणार आहेत.

सेंटओएस ५ची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली, ६ची ३० नोव्हेंबर २०२० ला, ७ची ३० जून २०२४ ला. मुदत संपणं म्हणजे काय, हे सेंटओएस ६वर फार स्वच्छ दिसतं. २६ जानेवारी २०२१ रोजी सुडोमधली (साध्या युजरला रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणारा प्रोग्रॅम) एक फट जाहीर झाली, सीव्हीई-२०२१-३१५६. सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या फटीचा नोंद क्रमांक. कोणताही साधा युजर तिच्यातून रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकतो, आणि ती २०११पासून तिथे पडून होती. सेंटओएस ६मधला सुडो १.८.६ त्यात बसतो. मुदत संपून दोन महिनेही झाले नव्हते, त्यामुळे त्याला पॅच मिळालाच नाही. सेंटओएस ५मधला सुडो १.७ मात्र सुटला, कारण ती चूक १.८.२पासून शिरली होती.

जुनं असणं कधी कधी असं वाचवतंही. एप्रिल २०१४मध्ये गाजलेली हार्टब्लीड ही फट ओपनएसएसएल या जोडणी गुप्त करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत होती. सेंटओएस ५मधल्या ०.९.८ला ती लागूच नव्हती. उलट सेंटओएस ६वर आवृत्ती १.०.१ई दिसते म्हणून घाबरायचंही कारण नाही. रेडहॅट घराण्यात दुरुस्ती मागे आणून जुन्याच आकड्यावर चिकटवतात. 'आरपीएम' कमांडला क्यू आणि चेंजलॉग हे पर्याय आणि पॅकेजचं नाव द्या आणि आउटपुटमध्ये सीव्हीईचा नंबर शोधा. नुसता आवृत्तीचा आकडा पाहून दिलेला अहवाल दोन्ही बाजूंनी फसवतो. पैसे देऊन घेतलेल्या कितीतरी तपासणी अहवालांत हीच गफलत असते.

दारं मोजा

'नेटस्टॅट' कमांड 'ए' आणि 'एन' पर्यायांसह चालवा आणि 'लिसन' लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढा. बाहेरून जोडणी घ्यायला उघडी असलेली दारं, म्हणजे पोर्ट, ती हीच. लिनक्सवर 'पी' पर्याय जोडला की कोणत्या प्रोग्रॅमने पोर्ट उघडलंय ते दिसतं. एससीओ आणि सोलारिसवर ही सोय नाही, तिथे ईटीसीतली इनेटडी-कॉन्फ फाइल (मागणी आली की नेटवर्क सेवा सुरू करणाऱ्या इनेटडी प्रोग्रॅमची यादी) वाचून जुळवावं लागतं. सहसा भेटणारी मंडळी अशी: २१ एफटीपी, २३ टेलनेट (दुरून लॉगिन), ७९ फिंगर (युजरची माहिती सांगणारा), १११ पोर्टमॅपर, ५१२ ते ५१४वर आर-एक्झेक, आर-लॉगिन आणि आर-एसएच (दुरून कमांड चालवणारे), २०४९ एनएफएस (दुसऱ्या मशीनची डिस्क वापरणं), ६००० एक्स विंडो (ग्राफिक पडदा).

ही दारं उघडी का असतात, हे कळलं तर बाकीचं आपोआप कळतं. ही सॉफ्टवेअर जेव्हा लिहिली गेली तेव्हा नेटवर्कवर ओळखीचीच माणसं असायची. पाहुणा दारातूनच येईल आणि खरं नाव सांगेल, हे गृहीत होतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने (एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) ही गृहीतकं एका रात्रीत मोडली. फिंगरच्या सर्व्हरने येणाऱ्या ओळीसाठी ५१२ बाइटची जागा ठेवली होती आणि लांबी तपासली नव्हती. वर्मने ५३६ बाइट पाठवले, आणि जास्तीच्या बाइटांनी प्रोग्रॅमचा परतीचा पत्ताच बदलला. सोबत सेंडमेल या मेल सर्व्हरमधला विसरलेला डीबग पर्याय, सोपे पासवर्ड आणि आर-एसएचचा विश्वास यांचाही वापर झाला. मोजून पाहा: चारातली एकच चूक तांत्रिक बारकाव्याची होती, बाकी तीन भाबडेपणाच्या.

आर-एसएचचा विश्वास म्हणजे ईटीसीतली होस्ट्स-इक्विव्ह फाइल आणि प्रत्येक युजरच्या घरातली टिंबाने सुरू होणारी आर-होस्ट्स फाइल. त्यांत ज्या मशीनचं नाव, तिथून येणाऱ्याला पासवर्ड विचारत नाहीत. नुसतं '+' चिन्ह असेल तर अर्थ होतो 'कुणीही या'. सनओएस ४ तर होस्ट्स-इक्विव्हमध्ये हे चिन्ह घेऊनच यायचं. फाइंड कमांडने या फाइली पूर्ण डिस्कवर शोधा; रूटच्या घरात सापडली तर बाकी कामं बाजूला ठेवून आधी तिचं बघा. पण लगेच उडवू नका, नाव बदलून ठेवा. रात्री चालणारी एखादी बॅकअप स्क्रिप्ट तिच्याच भरवशावर असते.

टेलनेटची गंमत वेगळी. पासवर्ड तारेवरून उघडा जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फेब्रुवारी २००७मध्ये सोलारिस १०च्या टेलनेटमध्ये पासवर्डच लागत नाही असं दिसलं: युजरच्या नावाच्या जागी 'डॅश एफ' आणि नाव दिलं की ते जसंच्या तसं लॉगिन प्रोग्रॅमकडे जायचं, आणि त्याच्या भाषेत याचा अर्थ 'ह्याची ओळख आधीच पटली आहे'. हीच चूक १९९४मध्ये आयबीएमच्या एआयएक्स युनिक्सच्या आर-लॉगिनमध्ये सापडली होती. तेरा वर्षांनी दुसऱ्या घरात पुन्हा.

आता दुसऱ्या पीसीवरून एनमॅपने (उघडी पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम) तेच बाहेरून बघा. साधा जोडणीचा स्कॅन, म्हणजे छोटा 'एस' आणि मोठा 'टी', आणि वेग मोठा 'टी' २ वर. ऑफिस सुटल्यावर. आवृत्ती ओळखणारा किंवा 'सगळं तपासा' असा पर्याय पहिल्या फेरीत देऊ नका. एका मिनिटात ठरावीक संख्येपेक्षा जास्त जोडण्या आल्या की बरेच जुने इनेटडी ती सेवा बिघडली असं समजून काही वेळ बंदच करतात. काही जुने प्रोग्रॅम अनपेक्षित बाइट मिळाले की सरळ मरतात. आतून उघडं दिसलेलं पण बाहेरून न दिसणारं पोर्ट म्हणजे मधे काहीतरी आधीच अडवतंय. ते काय आहे ते शोधून वहीत लिहा.

बंद करा, पण एका वेळी एक

इनेटडी-कॉन्फची प्रत ठेवा. नको त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा, सेव्ह करा आणि इनेटडीला 'किल' कमांडने हँगअप सिग्नल पाठवा. सोलारिस १०वर ही फाइल चालत नाही, तिथे 'एसव्हीसीएडीएम' कमांडला 'डिसेबल' आणि सेवेचं नाव द्या. फिंगर, आर-एक्झेक, टीएफटीपी, एको, चारजेन सरळ बंद करा, विचार करायची गरज नाही. आर-एसएच आणि एनएफएस बंद करण्याआधी आठवडाभर नेटस्टॅटमध्ये कुणी जोडलेलं दिसतं का ते बघा. टेलनेट बहुधा बंद करता येणारच नाही, कारण टेबलांवरच्या पीसींतून प्रोग्रॅम त्याच वाटेने उघडतात. त्याची सोय पुढे भिंतीत, म्हणजे फायरवॉलमध्ये, होते.

महिन्याच्या १० ते २० तारखेत काही बदलू नका. ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. त्या दिवसांत काहीही अडकलं तर दोष तुमच्याच # चिन्हाला लागणार, आणि पुढच्या वेळी कुणी हात लावू देणार नाही.

पासवर्ड आठच अक्षरांचा

पासवर्ड किंवा शॅडो फाइलमधला दुसरा रकाना बघा. तिथे १३ अक्षरांचा तुकडा असेल तर तो जुना डीईएस पद्धतीचा हॅश (पासवर्डवरून बनवलेला सांकेतिक तुकडा) आहे, आणि त्यात पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. कुणी घोडबंदर आणि पुढे सहा आकडे असा लांबलचक पासवर्ड ठेवला, तरी सिस्टीमच्या लेखी रोमन स्पेलिंगची पहिली आठ अक्षरं, म्हणजे 'घोडबंद', एवढंच आहे. लांबी वाढवून उपयोग नाही. जे काही अवघड करायचं ते पहिल्या आठातच. आणि हा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरायचा नाही. आजच्या ग्राफिक कार्डापुढे डीईएसचा हॅश फार टिकत नाही.

हॅश जगाला वाचता येणाऱ्या पासवर्ड फाइलमध्येच पडलेला असेल, शॅडो फाइल नसेल, तर ते आधी दुरुस्त करा. सोलारिस आणि लिनक्सवर 'पीडब्ल्यूकन्व्ह' कमांड हेच काम करते. मग तिसऱ्या रकान्यात शून्य असलेली सगळी नावं काढा. रूटखेरीज एखादं निघालं तर ते कुणासाठी बनवलं याचं उत्तर मिळालंच पाहिजे. नोकरी सोडलेल्यांची खाती 'पासवर्ड' (passwd) कमांडच्या 'एल' पर्यायाने कुलूपबंद करा, उडवू नका. त्यांच्या नावावर क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि डेटा फाइली असतात.

आत शिरलेला माणूस रूट कसा होतो

सेटयूआयडी खूण असलेला प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालतो. फाइंड कमांडला परवानगी 'वजा ४०००' आणि प्रकार फाइल असं सांगितलं की यादी येते. ती साठवा आणि दर महिन्याला नव्या यादीशी 'डिफ' करून बघा. टेम्प डिरेक्टरीत किंवा कुणाच्या घरात अशी फाइल निघाली तर कुणीतरी आधीच येऊन गेलंय असं धरून चला. 'एसयू', 'पासवर्ड', 'लॉगिन' आणि तुमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमची खूण काढू नका, दुसऱ्या दिवशी सगळे दारात उभे राहतील.

लिनक्सवर तीन गोष्टी मुद्दाम बघा. साध्या युजरने 'सुडोएडिट' कमांडला 'एस' पर्याय आणि एक तिरपी रेघ दिली, आणि येणारा संदेश 'सुडोएडिट' शब्दाने सुरू झाला, तर वरची सुडोची फट उघडी आहे. 'यूसेज'ने सुरू झाला तर बुजलेली. पॅच नसेल तर सुडोची सेटयूआयडी खूण काढून टाका आणि रूटसाठी एसयू वापरा. दुसरी पीकेएक्झेक या अधिकार देणाऱ्या प्रोग्रॅममधली फट, सीव्हीई-२०२१-४०३४, जानेवारी २०२२मध्ये जाहीर झालेली आणि २००९पासूनची. डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर त्या फाइलची परवानगी ०७५५ केली की पुरे. तिसरी डर्टी काऊ, कर्नल २.६.२२पासूनची, ऑक्टोबर २०१६मध्ये दुरुस्त झालेली. ती कर्नलमध्येच आहे, कर्नल बदलल्याशिवाय जात नाही. अशा मशीनवर शेल (कमांड टाइप करायची जागा) मिळालेला प्रत्येक माणूस संभाव्य रूट समजा आणि शेल कमीत कमी जणांना द्या.

सप्टेंबर २०१४ची शेलशॉक ही फट बॅश शेलमधली. तिला बाहेरून वाट लागते, सहसा वेब सर्व्हरवरची सीजीआय स्क्रिप्ट. अपाची हा वेब सर्व्हर चालू असेल आणि त्याची कुणाला गरज नसेल तर तोच बंद करा.

पुढे भिंत

हे सगळं करूनही टेलनेट उघडाच राहिला. म्हणून जुन्या पेटीपुढे दोन नेटवर्क पोर्ट असलेला एक छोटा नवा पीसी ठेवा, त्यावर चालू मुदतीतलं डेबियन किंवा ओपनबीएसडी. एका पोर्टात फक्त जुनी पेटी, दुसऱ्यात ऑफिसचा स्विच. दोन गाळ्यांत मिळून एकच स्विच वापरला जात असेल, किंवा वायफायचा राउटर त्याच तारेवर असेल, तर ही भिंत आजच हवी.

नियम थोडेच: वहीतल्या पीसींकडून पोर्ट २३ला परवानगी, पेटीकडून प्रिंटरच्या पोर्ट ५१५ किंवा ९१००ला परवानगी, लॉग आणि घड्याळासाठी भिंतीपर्यंत परवानगी, बाकी सगळं दोन्ही दिशांनी बंद. बाहेर जाणारं अडवायला लोक विसरतात. घुसलेला प्रोग्रॅम आपला पुढचा भाग बाहेरूनच ओढून आणतो. जुन्या मशीनवरचा डिफॉल्ट गेटवेही काढून टाका. परतीची वाटच नसेल तर बाहेरच्या नेटवर्कला त्याचं उत्तरही जाणार नाही.

आणखी चांगलं करायचं असेल तर पीसीवरून पुट्टी प्रोग्रॅमने भिंतीपर्यंत एसएसएचचा (सांकेतिक, तारेवर वाचता न येणारा) बोगदा करा आणि पुढची हातभर तारच तेवढी टेलनेटची राहू द्या. जुन्या पेटीवर स्वतःचा एसएसएच असेल तर नवा क्लायंट 'की एक्स्चेंज जुळत नाही' म्हणून नकार देतो, कारण ओपनएसएसएच ७.०ने २०१५मध्ये जुनी डीएच-ग्रुप१ पद्धत आणि ८.८ने २०२१मध्ये आरएसएची एसएचए-१ सही बंद केली. ती परत चालू करायची तर क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका होस्टच्या नावाखाली. सगळ्यांसाठी चालू केलीत तर जुन्या पेटीची कमजोरी बाकीच्या सर्व्हरच्या जोडण्यांनाही लागेल.

तार जोडल्यावर सगळं कासवासारखं चाललं तर फायरवॉलला दोष देण्याआधी कार्ड बघा. जुनं कार्ड १०० फुल डुप्लेक्सवर पक्कं बसवलेलं असेल आणि पलीकडचं ऑटोवर, तर ऑटोवालं हाफवर जातं आणि पाकिटं आपटत राहतात. दोन्हीकडे एकच सेटिंग ठेवा. पेटीचं कार्ड फक्त १० एमबीपीएसचं असेल तर मधे एक जुना १०/१०० स्विच लागू शकतो. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेला मिळतो.

लॉग पेटीबाहेर

रूट झालेला माणूस आधी लॉग पुसतो. सिसलॉग-कॉन्फमध्ये एक ओळ घाला: डावीकडे 'तारा, टिंब, इन्फो', उजवीकडे @ आणि भिंतीवाल्या पीसीचा पत्ता. मधे टॅबच हवा. स्पेस दिली तर जुना सिसलॉगडी ओळ गुपचूप सोडून देतो आणि तुम्ही दिवसभर फायरवॉल तपासत बसता. यूडीपी पोर्ट ५१४. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, तेव्हा पीसीवर तेवढी जागा ठेवा. घड्याळ भिंतीकडून एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घ्यायची पद्धत) जुळवा, नाहीतर दोन लॉगमधल्या वेळा एकमेकींशी बसत नाहीत. (३२ बिटांची घड्याळं १९ जानेवारी २०३८ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर उलटतील. पेटी तोवर टिकली तर तो पुढच्या ॲडमिनचा प्रश्न.)

शेवटी ऑफिसच्या बाजूने, यादीत नसलेल्या पीसीवरून पुन्हा एनमॅप चालवा. जुन्या पेटीच्या पत्त्यावर एकही पोर्ट उघडं दिसता कामा नये. यादीतल्या पीसीवरून फक्त २३, आणि बोगदा केला असेल तर तेही नाही. हीच तपासणी पुढच्या प्रत्येक रिबूटनंतर करा, आणि पेटीवरचा नेटस्टॅटही बघा. आज बंद केलेलं एखादं पोर्ट तेव्हा परत उघडलेलं दिसलं, तर ते इनेटडीने उघडलेलं नसून बूटच्या वेळच्या आरसी स्क्रिप्टने उघडलेलं आहे. आरसी२ आणि आरसी३ डिरेक्टरीतली मोठ्या 'एस'ने सुरू होणारी तिची फाइल शोधा आणि नावाचं पहिलं अक्षर छोटं करा.